सतरा बिंदू

हिद्दमध्ये टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस.
शेजारच्या कोल्ड स्टोअरच्या फ्रीजची घरघर
जिन्यातून वर येते, आम्ही दारं लावली तरी.
काम एका ओळीत सांगता येतं:
आत चालणारा माणूस घ्यायचा, सपाट करायचा.

फाइलमधून पासष्ट हाडं येतात.
त्यांतल्या एकालाही आपला पत्ता ठाऊक नसतो.
मनगट म्हणतं, कोपराला विचारा.
कोपर म्हणतं, खांद्याला.
असं विचारत विचारत खांदा, छाती, कणा,
शेवटी कंबर. तिचा तेवढा पक्का.
मग तिथून उलटा हिशेब, वळणाला वळणाने गुणत,
आणि आपण कुठे आहोत ते मनगटाला कळतं.

कॅमेरा ठेवते खांबाएवढा उंच.
खोलीने भागते.
भागून झालं की खोलीच टाकून देते.
पहिल्या दिवशी सगळी माणसं
वटवाघळांसारखी लटकली.
पडद्यावर वरून खाली मोजतात, हे विसरले होते.
जुमाना म्हणाली, राहू दे, एसीखाली बरी आहेत.

पासष्टांतले सतराच ठेवायचे.
नाक, डोळे, कान,
खांदे, कोपरं, मनगटं,
खुबे, गुडघे, घोटे.
बोटं नाहीत.
कणाही नाही. दोनदा तपासलं,
यादीत कण्याला जागाच नाही.

हालचाल युसुफ सारंगांची. हर्णैचे.
बावीस वर्षं सुक्या गोदीत गंज खरवडला.
काळ्या घट्ट सूटमध्ये, अंगभर पांढऱ्या गोळ्या लावून,
लाजत उभे होते.
पडून दाखवा, आम्ही म्हटलं.
"शिडीवरून की उन्हानं?"
उन्हानं.
जरा थांबले. मग उजवा हात
नसलेला कठडा शोधू लागला.
आधी गुडघे गेले. मग बाकीचा माणूस. डोकं सगळ्यात शेवटी.
उठून चहा मागितला, साखर जास्त.
"हे माझं नाय. रमजू होता आमच्यात, त्याचं."
पुढे कुणी विचारलं नाही.

ते पडणं मी सहा हजार वेळा पाडलं.
बुटक्या अंगावर, जाड्या अंगावर,
डावीकडून, वरून, क्रेनच्या सावलीत.
दिसणाऱ्या बिंदूला दोन.
फ्रेमबाहेर गेलेल्याला शून्य.
आड आहे पण कुठे आहे ते ठाऊक आहे,
त्याला एक.

जुलैत गोदीवर चाचणी.
दुपारचं काम बंद, पत्र्याच्या शेडखाली गारवा म्हणावा तितपत.
बारा वाजून गेले आणि भोंगा वाजला.
पडद्यावर अकरा माणसं कोसळलेली,
एका ओळीत, एकदम.
फोरमन बर्फाची बादली घेऊन धावला
आणि शेडच्या तोंडाशी थबकला, बादली मागे लपवत.
जोहरची नमाज चालू होती.

समोरून पाहिलं तर सजदा आणि कोसळणं
सतरा बिंदूंत जवळजवळ सारखंच.
वेगळं होतं ते खोलीत होतं,
आणि खोली मी टाकली होती.

सारंगांना परत बोलावलं. दोन्ही ओळी शेजारी लावल्या,
नुसते ठिपके, काळ्यावर पिवळे.
चष्मा कपाळावर ढकलून ते बराच वेळ बघत बसले.
"एकेक फोटो काय बघतेस? चालू ठेव.
हात बघ हात.
नमाज पढणाऱ्याला जमीन कुठे आहे ते माहीत असतं."

आता एकेका फ्रेमवर निकाल देत नाही,
मागच्या तीस सोबत घेते.
भोंगा कमी वाजतो. चुकतो अजून:
काल बुटाची नाडी बांधणाऱ्या बिहारी पोरावर वाजला,
ते पोर घाबरून खरंच पडलं.

रात्रीचे दहा. खालचा फ्रीज बंद पडलाय,
कोणीतरी त्याला लाथ घालतंय.
मी रमजूच्या पडण्यावर आहे.
फ्रेम दोनशे बारा. कठडा शोधणारा हात
छातीच्या मागे गेलाय, कॅमेऱ्याला दिसत नाही.
उजवं मनगट.
एक.