गडगा

विल्फ कॅपस्टिकच्या नडग्यांवर
हिवाळा आधी उतरतो, मग हॉस गावावर.
मंगळवारी आणि शुक्रवारी मी जाते.
मोजे सोलते, तर पांढरा कोंडा
गालिच्यावर भुरभुरतो,
आणि तो म्हणतो, "बघ, बर्फ पडला. रस्ता बंद."

वय एकोणऐंशी. त्यातली पंचावन्न वर्षं
डोंगरउतारावर दगडावर दगड ठेवण्यात गेली.
चुना नाही, सिमेंट नाही, नुसता अंदाज.
हात अजून त्याच कामावर असल्यासारखे:
पेरापेराला चिरा.

पंपाची बाटली मी दोनदा दाबते.
आम्हाला शिकवलं होतं, कातडी म्हणजे विटांची भिंत;
विटा म्हणजे मेलेल्या, चपट्या पेशी,
आणि सेरामाइड हा त्यांच्यामधला चुना.
वय झालं की चुना झडतो,
ओल फटीतून बाहेर जाते,
खाज फटीतून आत येते.
एवढं मी त्याला माझ्या इंग्रजीत सांगितलं.

तो रागावलाच जरा.
"चुन्याची भिंत फुगते, बाई. मग फुटते."
आणि बशीत साखरेचे चौकोनी खडे रचून दाखवले:
अलीकडे एक तोंड, पलीकडे एक,
पोटात मात्र बारीक भर, हातानं बसवलेली,
कुणाला कधीच न दिसणारी.
"आळशी माणूस तिथंच फसवतो."

मला आमच्या कुडाळचा गडगा आठवला,
चिपा मारून घट्ट केलेला.
त्याच्यावरून काका आणि बाबा कोर्टात गेले,
अठरा वर्षं तारखा पडल्या,
गडगा काही पडला नाही.
आमच्याकडे दगडालाही चिरा म्हणतात, भेगांनाही चिरा.
हे त्याला समजावायला गेले
आणि मध्येच सोडून दिलं.

मागच्या शुक्रवारी, स्कॅनचा कागद टेबलावर उलटा ठेवून
त्यानं विचारलं,
"ते तुझं मेण, आतसुद्धा असतं का?"
असतं, म्हटलं.
जिवंत पेशीत ते साचत गेलं
की पेशीला निरोप पोचतो: पुरे आता.
मग ती आरडाओरडा न करता
स्वतःची आवराआवर करते.

"म्हणजे मुकादम," विल्फ म्हणाला.
"दिवसभर दगड सांभाळायचे
आणि अंधार पडला की शिट्टीही त्यानंच वाजवायची."
खिडकीबाहेर अंधारच होता, साडेतीन वाजलेले.

पर्समध्ये आईनं पाठवलेला मुठेलाचा गोळा होता,
कुणाच्या तरी मुठीची बोटं अजून त्यावर उमटलेली.
नियमात बसत नाही.
मी तो किटलीच्या वाफेवर धरला
आणि त्याच्या अंगठ्याच्या चिरेत सोडला,
उरलेला माझ्या,
दिवसाला चाळीस वेळा धुतलेल्या.
त्यानं हुंगून पाहिलं. "कशाचं?"
एका आंबट फळाच्या बियांचं.
"हं," म्हणाला, आणि अंगठा तसाच उभा धरून बसला,
जणू वारा कुठून येतोय बघत.

गाडीत बसून फाईल भरली.
त्वचा: कोरडी.
पुढे काय लिहायचं ते ठरलेलं असतं,
तरी हात जरा थांबला.
अखंड.