कलम दहा, तिसरं प्रूफ

जिनिव्हात हात वर झाले तेव्हा
हा कागद कुणाचाच नव्हता.
असुन्सिओनला पोचला, खणात पडून राहिला,
संसदेत दोनदा जेवणाच्या सुट्टीत अडकला,
मग सही, शिक्का,
आणि आज माझ्या टेबलावर, ओलसर,
राजपत्राचं तिसरं प्रूफ.

मी एलाडियो. स्वल्पविराम बघतो.
अर्थ बघणारे वरच्या मजल्यावर बसतात.
कलम दहा: घरकामगाराला आठवड्याला सुट्टी,
किमान चोवीस तास, सलग.
‘सलग’ गळला होता.
जुळाऱ्याची डुलकी, बोटाएवढी जागा.
काकपद काढून समासातून
मी तो आत घेतला.
पहाटे छापून निघालं
की हा आमचा कायदा.

रविवारची जादा पाळी संपवून घरी आलो.
पेर्पेतुआ माझे सदरे इस्त्री करत होती,
गेली सतरा वर्षं करते तशी.
बाहीकडे बघून म्हणाली,
शाई ना? लिंबानं जाईल.
म्हटलं, राहू दे आज.
‘आज राहू दे’ म्हणजे ‘उद्या उजाडताच कर’
असं वाचून तिनं
सदरा वेगळा काढून ठेवला.

मी दुरुस्त केलं नाही.