बावन्न वॅटला कोरड

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत
आम्ही पाण्याला चढायला शिकवतो.
असं मी घरी सांगते.
घरी कुणी फार विचारत नाही.

पेन्सिलीएवढी जाड तांब्याची नळी,
आतून भाजलेल्या भुकटीचं अस्तर,
आणि अर्धा चमचा पाणी.
हवा सगळी ओढून काढलेली.
हवेचं ओझं नसलं की पाणी
तळहाताच्या उबेनंही उठतं,
वाफ होऊन थंड टोकाला जातं,
तिथं उष्णता उतरवून ठेवतं
आणि अस्तराच्या भोकाभोकांतून
पावलं न वाजवता परत येतं.
पंखा नाही, पंप नाही.
समईत तेल कोण चढवतं? तोच इथंही कामाला.

फक्त वेळेवर परत यायला हवं.

तेवीस मे. शेडमध्ये त्रेचाळीस अंश.
नळी मी तिरकी लावली, तापलेलं टोक वर,
खाली लाकडाचा ठोकळा आणि घडी घातलेला पेपर,
कारण सिग्नलच्या पेटीत ती तशीच बसणार.
पेटी नाही फिरवता येणार बेन, असं अमरीशभाईंनी
आधीच दोनदा सांगितलंय.
चाळीस वॅट. पाचही आकडे शेजारी शेजारी.
पंचेचाळीस. पन्नास.
बावन्नला वरचा आकडा सुटला,
एकोणऐंशी, ब्याण्णव, एकशे अठरा,
आणि खालचे चार जागच्या जागी,
शेजारचं भांडण ऐकून
टीव्हीचा आवाज वाढवणाऱ्या लोकांसारखे.
मी स्विच पाडला.
वहीत लिहिलं: कोरड.
इंग्रजी शब्द वेगळा आहे,
पण माझ्या घशाला हाच माहीत.

भट्टी रुखसाना बघते.
याकुतपुऱ्यात तिच्या सासऱ्यांची बेकरी आहे,
त्यामुळे तांब्याची भुकटीही ती
मनगटानं चाळते, खांद्यानं नाही.
मी म्हटलं, बारीक घेऊ, ओढ वाढेल.
ती म्हणाली, ओढेल, पण पुढे जाऊ देणार नाही.
मैद्यावर पाणी ओतून बघा,
वरच बसून राहतं.
रव्यात ओता, लगेच तळाला.
मग रवाच घेऊ?
रव्याला ओढ कुठाय, ताई.

तापल्या टोकाला मैदा, वाटेवर रवा,
हे आधी कोण बोललं ते आता आठवत नाही.
मी म्हणते ती,
ती म्हणते मी.

पहिल्या नळीत दोन्हींच्या सांध्याला भेग पडली,
केसाएवढी.
पाणी तिथवर आलं आणि थांबलं.
दुसरीत पाणी जास्त झालं,
ती चूक माझी, तिनं कुणाला सांगितली नाही.
तिसरीत तिनं सांध्यापाशी दोन बोटं
दोन्ही भुकट्या मिसळून घातल्या,
दांडी गोल फिरवत, श्वास धरून,
बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत होता तरी.

साठ. पासष्ट. सत्तर.
एकाहत्तरपर्यंत पाचही आकडे एकमेकांना धरून.
बहात्तरला वरच्यानं हात सोडला.

अमरीशभाई फोनवर म्हणाले, ऐंशी बोललो होतो ना.
म्हटलं, बावन्नाचे एकाहत्तर झालेत.
ते गप्प. मग म्हणाले, सारू, सोमवारी बोलू.
सारू म्हणजे बरं, पण
कुठलं बरं, ते बडोद्यात
आवाजावरून ओळखावं लागतं.

संध्याकाळी चहा आला.
भेगाळलेली पहिली नळी मी टाकली नव्हती.
रुखसानानं ती ग्लासात उभी बुडवली,
तापलं टोक खाली, दुसरं माझ्या बोटात,
आणि चहाला फुंकर घालायच्या आत
बोट भाजलं.
अगं, ही तर चालते!
उताराला सगळ्यांचंच पाणी परत येतं, ती म्हणाली,
आणि नळी पुसून
तिसरीच्या शेजारी ठेवली,
नंबर न घालता.