कसर

करंजखिंडीच्या स्मारकाचा दगड सिन्नरहून आलाय.
पाथरवट विचारतो, आकडा काय कोरू?
अक्षराला चाळीस रुपये. शून्यालाही चाळीसच.

समितीकडे बखरीतली एक ओळ आहे:
एकंदर बारा हजार माणूस पडिले.
म्हणाले, जगझापबाई, तुम्ही नोट प्रेसमध्ये होता,
एकदा नजर टाका. नुसती सही लागते.

एकतीस वर्षं नाशिक रोडला मी नोटांचे नंबर तपासले.
नुसती सही कधी केली नाही.

आधी खिंडीत जाऊन आले.
एकीकडे कडा, दुसरीकडे नाला,
मध्ये भुईमुगाची दोन वावरं आणि एक विहीर.
घोडं दिवसाला तीन घागरी तरी पिणार.
काठावर बसून गुणाकार केला
आणि दुपारपर्यंत ती विहीर सात वेळा आटवली.
बारा हजार पडायचे, तर आधी उभे कुठं राहिले?

दुसरी बखर म्हणते बाराशे.
तिथं कागदाला कसर लागलीय.
इथलं शून्य किड्यानं खाल्लं
की तिथलं नकलकारानं वाढवलं, कळत नाही.
सरदारांची नावं मात्र दोन्हीकडे बिनचूक.
खुर्दा तेवढा बदलतो.

मग पंचवटीत, गायधनींच्या माडीवर.
त्यांच्या वह्यांत गावं, गावांत घराणी,
कोण कोणाची राख घेऊन रामकुंडावर आलं.
शके सोळाशे ब्याण्णव, पौष ते फाल्गुन.
सुधन्वा गायधनी मोडी वाचत गेले, मी काड्या ओढत गेले,
चार उभ्या, एक आडवी.
भाऊ करंजखिंडी पडला. बाप पडला.
लेक पडला, देह मिळाला नाही, पळसाच्या पानांचा केला.
सदतीस.

पुढची वही सहज चाळली.
तीन वर्षांनी, आईच्या अस्थी घेऊन,
सुभानजी वलद रायाजी, मौजे पिंपळखुटे,
निशाणी कट्यार.
याच्याच नावानं याच्या भावानं पिंड दिला होता!
मी एक काडी खोडली.
उभ्या नोकरीत वजाबाकीनं असा आनंद दिला नव्हता.

प्रेसमध्ये नोट खराब निघाली
की तारा छापलेली दुसरी तिच्या जागी जायची.
गड्डीत शंभर म्हणजे शंभर.

विचारलं, आणि मोतद्दार? पखालजी? तोफा ओढणारे?
पलीकडच्या फौजेतले, पुरलेले?
ज्यांना कुंडात उतरूच दिलं नसतं, ते?
सुधन्वांनी वही फडक्यात बांधली. गाठ मारली.
म्हणाले, त्यांच्या वह्या नाहीत.

परतताना दुतोंड्या मारुतीपाशी थांबले.
याचं बरं आहे. पूर गुडघ्याला की कमरेला,
सगळं शहर पुलावरून बघतं.

समितीला कळवलं: छत्तीस, नावांनिशी.
त्याखाली: याहून कमी नाहीत.
अध्यक्ष म्हणाले, छत्तिसांसाठी एवढा दगड?

संध्याकाळी पाथरवटाचा फोन. किती शून्यं?
म्हटलं, शून्य नको. नावं कोर,
आणि खाली हातभर दगड कोरा ठेव.
त्याचे किती?

कोऱ्याचे काय घ्यायचे, बाई, म्हणाला.
मग जरा थांबून:
घासावा मात्र लागेल. त्याला वेळ जातो.