चष्म्यांची बादली

आर्णीच्या उरुसात तंबू लागला त्या वर्षी
दारावर माझं काम एवढंच:
चष्मे वाटायचे, मोजून परत घ्यायचे,
निरम्याच्या बादलीत बुडवायचे.
दोनशे दहा. एक हरवला की वीस रुपये माझे.

पडद्यावर तीन चंद्रांचा ग्रह.
काचेची झाडं वाढत वाढत
पुढच्या सतरंजीपर्यंत यायची,
मग उल्का सुटायची
आणि अख्खा तंबू एकदम वाकायचा
ज्वारीवरून वारा गेल्यासारखा.
"बाप्पा! माह्या आंगावर आली ना थे!"

ताठ फक्त देवमन मडावी.
जिनिंगच्या पट्ट्यानं त्याचा डावा डोळा
कधीचाच नेलेला.
मी समजावलं, दोन डोळ्यांना दोन चित्रं लागतात,
ती डोक्यात जुळली तरच
झाड पडद्याबाहेर येतं.
पैसे घे परत.
"राहू दे," म्हणाला.
चार रात्री आला. रोज तिकीट काढून.

शेवटच्या खेळाला बॅटरी मारली तर
हा पडद्याकडे पाठ करून बसलेला,
चष्मा खिशात.
समोर दोनशे माणसं
निळ्या उजेडात हवा चाचपत होती.
सायत्रा पेंदोर, जी बाजारातही
पदराआडूनच भाव विचारते,
तिसरा चंद्र बोटानं हळूच ढकलत होती
आणि हसत होती.

"काय पाह्यतं बे?"
"यायलेच पाह्यतो."

रात्री बादली उपसली.
दोनशे नऊ.
वीस रुपये मी माझे भरले,
कोणाला विचारलं नाही.