राखेला किती उजेड द्यायचा

सीताबर्डीच्या जिन्याखालच्या दुकानात
बोपचेभाऊंनी दोन लेन्स काउंटरवर ठेवल्या,
एक आंबिया, एक मृग, अशा तोऱ्यात.
"सोळा-पस्तीस न्या, गजभियेताई. निसर्ग मोठा असते."
आणि ही शंभर-चारशे?
"ते पक्ष्याइच्यासाठी. नाहीतर
ज्याले जवळ जाची लाज वाटते त्याच्यासाठी."
दोन्ही घेतल्या. एका दिवसाचं भाडं,
आधारकार्डाची झेरॉक्स.

अकरा वर्षं मी पंच्याऐंशीनं नवऱ्या टिपते.
एफ एक-पॉइंट-आठ:
मागचा कूलर, खुर्च्यांची चळत, रुसलेला मामा,
सगळं लोण्यासारखं विरघळवून टाकते.
आज काहीच विरघळवायचं नव्हतं.
एफ आठ.
बांधावरची बाभूळ आणि पलीकडची घरं,
दोघांना जमेल तितका सारखा न्याय.
सोळावर नेलं तर सगळंच थोडं मऊ पडतं;
न्याय अति केला की होतं तसं.

पहाटे पाच दहा, मे महिना,
कोराडीच्या अंगाला राखेचा तलाव.
ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढला नाही.
स्थिरता देणारं बटण बंद केलं,
नाहीतर पाय घट्ट रोवलेले असताना
कॅमेरा उगाच थरथर शोधत बसतो.
आयएसओ शंभर. दोन सेकंदांचा टायमर,
माझ्या बोटाचाही धक्का नको.

आधी सोळा.
सोळानं आभाळ ताणलं, बांध वाकवला,
वीजकेंद्राच्या चिमण्या उदबत्तीच्या काड्या केल्या
आणि कोपऱ्यात माझ्या चपलेचा अंगठा घेतला.
खोटं नव्हतं ते.
पण आमच्या दारातून त्या चिमण्या
कधीच एवढ्या लहान नव्हत्या.

मग दुसरी. मागे, अजून मागे सरकत
बाभळीपाशी येऊन थांबले. दोनशे चाळीस.
चिमण्या पुढे आल्या,
घरं त्यांच्या पायाशी येऊन बसली,
धुण्याच्या दोरीला लाल-पांढरा पट्टा टेकला.
हे अंतर माझ्या ओळखीचं.
आई आधी दोरी पुसायची,
मग कपडे वाळत घालायची.

घाई होती. आमच्याकडे मे महिन्यात
सात वाजले की लांब लेन्स म्हणजे
उकळत्या पाण्यातून बघणं,
मग काच कितीही लाखांची लावा.

राख पांढरी होती, कॅमेऱ्यानं करडी केली.
त्याचा दोष नाही. बर्फ दाखवा, कोळसा दाखवा,
सगळं मधल्या करड्यावर आणून ठेवायचं
एवढंच त्याला शिकवलंय.
आमच्या लग्नांत नवरी पांढऱ्या साडीत असते,
मी न बघता एक टप्पा वाढवते.
इथे अंगठा चाकावर अडला.

या कॅमेऱ्यात आरसा नाही.
जुन्याला डोळा लावला की जग दिसायचं,
फोटोचं काय झालं ते नंतर.
यात न काढलेला फोटोच समोर उभा असतो
आणि विचारतो, असा?

एक तृतीयांश. दोन तृतीयांश. एक.
एकवर राख बर्फ झाली. घरंसुद्धा सुखी दिसायला लागली.
कुणालाही आवडला असता.
मी एक टिचकी मागे आले.

दोन तृतीयांश.
इतकीच पांढरी असायची ती
पायरीवर, मिठाच्या बरणीच्या झाकणावर,
आणि रात्रपाळीहून आलेल्या बाबांच्या भुवयांवर.
टायमर दोन सेकंद लुकलुकला.
आवाज बंद ठेवला होता,
त्यामुळे फोटो निघाल्याचं कळलंच नाही.

संध्याकाळी बोपचेभाऊंनी लेन्स बल्बखाली धरली,
रबरी फुंकणीनं दोनदा फुंकली,
कडेवरून बोट फिरवलं, बोट बघितलं.
"ही धूळ नोहे ताई. कुठी गेल्त्या?"
घरी, म्हटलं.
त्यांनी सफाईचे पन्नास रुपये वेगळे लावले.