आग विझल्याची वेळ

वर्दी आली तेव्हा दोन वाजून अकरा मिनिटं.
घणसोली, तळमजल्याचं पार्किंग.
वॉचमन फोनवर ओरडत होता, विझवली साहेब, विझवली,
आणि त्याच दमात: अरे, परत आली.

सव्वीस वर्षं झाली या खात्यात.
पारसिकच्या डोंगरावर सुक्या गवतातून
रांगत जाणारी पाहिलीय,
तुर्भ्याच्या गोदामात रंगाच्या पिंपांची,
जी आधी रंग दाखवते, मग रूप.
हवा तोडली की मरतात.
जळण ओढून काढलं की मरतात.
ही मात्र शिदोरी बांधून आलेली,
स्वतःचा श्वास स्वतःच्याच पोटात घेऊन.

पावडरची तीन नळकांडी रिकामी पडलेली,
सगळं पार्किंग पिठाच्या गिरणीसारखं पांढरं,
मधोमध स्कूटर आडवी
आणि सीटखाली लाह्या फुटत होत्या.
एक. मग काहीच नाही.
मग चार एकदम.

"सेल आहेत, सर," प्राची घरत मास्कमधून म्हणाली.
भरती होऊन आठ महिने, पण यातलं तिला माझ्याहून जास्त कळतं.
"एक तापला की शेजारच्याला तापवतो."
म्हटलं, माहितीय.
चाळीत वाढलोय.

वीस मिनिटं पाणी मारलं. ज्वाळ बसली.
कॅमेऱ्यात नव्वद.
होज गुंडाळेपर्यंत दोनशे दहा.

सोसायटीच्या मागे गणपतीचा लोखंडी हौद होता,
तळाला शाडूचा गाळ, झेंडूची एक कुजकी माळ.
टँकरने तो भरला. आकडे लावले, दोर लावला,
पाच जणांनी तोल सांभाळत आणली
आणि हळूच सोडली.
तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी सवयीने
"पुढच्या व—" एवढंच म्हणालं आणि गप्प झालं.

पाण्याखालीही ती बोलत राहिली.

शुद्धोधन उलट्या बादलीवर बसलेला,
पाठीवर कंपनीचं नाव अर्धं उसवलेलं.
अकरा हप्ते राहिलेत, म्हणाला.
दुसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघरातून सोडलेली वायर
अजून त्याच्या डोक्यावर लोंबत होती.
"सगळी पार्सलं पोचवून आलो होतो,"
हे त्याने तीनदा सांगितलं.
कुणी विचारलं नव्हतं.

गर्दी गेली. लिफ्टचे आवाज थांबले.
प्राची दर पंधरा मिनिटांनी हौदाच्या पाण्याचा आकडा
खडूने भिंतीवर लिहीत होती:
चौसष्ट, अठ्ठावन्न, एकसष्ट.
एकसष्टला आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

पाचच्या सुमारास त्याने विचारलं, विझली का?

हा शब्द मी किती दारांत उभा राहून दिलाय.
विझली, म्हटलं की बायका भिंतीला टेकून
आहेत तिथेच खाली बसतात,
म्हातारे आधी मीटरकडे बघतात, मग देवाकडे.
फुकटचा शब्द. कधी अडला नव्हता.

मी म्हणालो, चहा घे.

नोंदवहीत एक रकाना असतो:
आग विझल्याची वेळ.
पेन टेकवला. निळा ठिपका पडला
आणि पसरत गेला.
समोर माळेच्या बाजूने एक बुडबुडा वर आला, फुटला.
बराच वेळ दुसरा आला नाही.
मग आला.

रकाना तसाच ठेवून
खाली शेऱ्यात लिहिलं:
पाण्यात आहे. आम्ही बसलो आहोत.